भेटीची नोंद : ‘लीळाचरित्र’ आणि संकेतस्थळाची नोंदवही

१

मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणून ज्याचा निर्देश केला जातो, तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ कल्पनेतून निर्माण झालेला नाही. तो नोंदींतून निर्माण झाला आहे. श्रीचक्रधर तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात उत्तरापंथे गेल्यानंतर म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांच्या साहाय्याने त्यांच्या आठवणी संकलित केल्या. हे कार्य शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास घडले, असे सामान्यतः मानले जाते. अमरावती जिल्ह्यातील हे गाव महानुभाव पंथाची काशी समजले जाते आणि २०२४ मध्ये कार्यान्वित झालेले मराठी भाषा विद्यापीठही तेथेच आहे. ग्रंथाच्या स्वरूपाकडे पाहिले असता असे दिसते की, कोण आले, कोठून आले, काय विचारले, त्यास काय उत्तर मिळाले आणि मग ते कोठे गेले, हा त्याच्या फार मोठ्या भागाचा आशय आहे. अनेक लीळांच्या शीर्षकांतच ‘भेटी’ हा शब्द येतो, हे पुरेसे बोलके आहे.

प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र केवळ हा ग्रंथ नाही. आजच्या काळात भेटीची नोंद सर्वांत अधिक प्रमाणात जर कोठे होत असेल, तर ती संकेतस्थळांच्या सर्व्हरवर. संकेतस्थळाला भेट देणाऱ्या प्रत्येकाची एक ओळ साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिली जाते; तिला व्यवहारात ‘लॉग’ म्हणतात. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील एखाद्या महाविद्यालयाने जुन्या पोथ्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवली, तर वर्षाअखेरीस ‘एवढ्या वाचकांनी लाभ घेतला’ असे वाक्य अहवालात येते आणि त्याचा आधार हीच फाइल असते. हे वाक्य खरे आहे काय, आणि ते लिहिण्यासाठी जी नोंद ठेवली गेली ती तशी ठेवण्याचा अधिकार ठेवणाऱ्यास होता काय, हे दोन प्रश्न संशोधकाला टाळता येणार नाहीत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी लागणारी साधने मराठी पाठचिकित्सेने वऱ्हाडाच्याच भूमीतील एका ग्रंथाच्या निमित्ताने घडविलेली आहेत, हे दाखविणे हा या विवेचनाचा हेतू होय.

२

प्रथम दोन्ही नोंदींची घडण पाहू जाता एक साम्य चटकन लक्षात येते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत जो वेब सर्व्हर तयार झाला, त्याच्या नोंदीची पद्धत पुढे सर्वसामान्य झाली. तीत सात रकाने असतात : भेट देणाऱ्या यंत्राचा पत्ता, त्याची संगणकीय ओळख, प्रवेशनाम, वेळ, केलेली विनंती, उत्तराचा संकेतांक आणि पाठविलेल्या मजकुराचे आकारमान. पुढे त्यात दोन रकान्यांची भर पडली : पाहुणा कोणत्या पानावरून आला आणि तो कोणत्या ब्राउझरने आला. देवनागरीत उतरवून दाखवायचे तर अशी एक ओळ पुढीलप्रमाणे दिसेल :

२०३.०.११३.२५ – – [१२/ऑगस्ट/२०२४:२१:१५:०७ +०५३०] “गेट /पोथी/१७ एचटीटीपी/१.१” २०० ५१३२

(यातील पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी असून ही ओळ कोणत्याही प्रत्यक्ष भेटीची नाही.)

या ओळीत पाहुणा आहे, त्याची मागणी आहे आणि त्यास मिळालेले उत्तरही आहे. २०० म्हणजे मागितलेले मिळाले. ४०४ म्हणजे ते सापडले नाही. ३०४ म्हणजे पूर्वी नेलेले अद्याप बदललेले नाही, तेच पाहावे. तात्पर्य, लॉगमधील प्रत्येक ओळ हा प्रश्नोत्तराचा सांगाडा आहे. लीळाही बहुधा अशाच आकाराची असते. महदाइसा विचारते आणि चक्रधर सांगतात. पंडित शंका घेतो आणि त्याचे निरसन होते.

साम्य येथवर आहे. भेद त्याहून महत्त्वाचा आहे. लीळाचरित्रात शक-तिथीचा निर्देश क्वचितच आढळतो. तेथे काळ कळतो तो दिनचर्येच्या अवसरांवरून आणि मुक्कामांच्या क्रमावरून. स्थळ मात्र नेमके असते. किंबहुना ते अधिक नेमके करण्यासाठी ‘स्थानपोथी’ हा स्वतंत्र ग्रंथ पंथाने निर्माण केला आणि रिद्धपूर, मेहकर, लोणार अशा वऱ्हाडातील स्थानांपासून गोदातीरापर्यंत कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस काय घडले, याची दिशांसह नोंद केली. लॉगमध्ये नेमके उलट घडते. काळ सेकंदापर्यंत अचूक, वर भारतीय प्रमाणवेळेचा +०५३० हा अंकही सोबत. पण स्थळाचा पत्ता नाही. आय. पी. पत्ता म्हणजे घराचा पत्ता नव्हे. तो अकोल्यातील एखाद्या वसतिगृहाचा असू शकेल, एखाद्या भ्रमणध्वनी कंपनीच्या दूरच्या केंद्राचाही असू शकेल.

दुसरा भेद उत्तरासंबंधी आहे. म्हाइंभटांच्या दृष्टीने उत्तर हेच सर्वस्व. त्या उत्तरासाठी पाहुण्याची नोंद झाली. पुढे केशिराजबासांनी लीळांतील वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, तेव्हा प्रसंग मागे राहिले आणि वचने पुढे आली. लॉगमध्ये उत्तराचा आशय मुळीच नसतो. केवळ ५१३२ बाइट गेले एवढेच कळते. जे शिल्लक राहते ते पाहुण्याविषयीचे ज्ञान. एक नोंद भेट देणाऱ्यास गौण स्थान देऊन ज्याची भेट घेतली त्याचे चरित्र लिहिते. दुसरी भेट घेतलेल्याला विसरून भेट देणाऱ्याचेच चरित्र लिहू पाहते. पुढील सर्व विवेचनात हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३

लॉग यंत्राने लिहिलेला असल्यामुळे तो निःपक्षपाती व म्हणून विश्वसनीय असतो, असा एक समज रूढ आहे. हा समज टिकणारा नाही. नोंद यंत्राने केली, एवढ्यावरून नोंदीतील सर्व मजकूर यंत्राने प्रत्यक्ष पाहिला असे ठरत नाही.

म्हाइंभटांच्या कार्यपद्धतीविषयी परंपरा जे सांगते ते येथे मननीय आहे. नागदेवाचार्यांकडून त्यांनी लीळा ऐकल्या. परंतु ज्या लीळांच्या वेळी नागदेवाचार्य स्वतः उपस्थित नव्हते, त्यांसाठी जे उपस्थित होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी चौकशी केली. एकाच मुखातून आलेल्या वृत्तांतातही पाहिलेले आणि ऐकलेले असे दोन थर असतात, ही जाणीव त्या पद्धतीच्या मुळाशी आहे. साक्षीचे मूल्य साक्षीदाराच्या थोरवीवर अवलंबून नसून तो त्या ठिकाणी होता किंवा नाही यावर अवलंबून आहे, हे तत्त्व त्यात गृहीत आहे.

हाच निकष लॉगला लावला असता त्याचे रकाने दोन गटांत विभागले जातात. ज्या पत्त्याशी सर्व्हरचा प्रत्यक्ष संबंध जुळला तो पत्ता, वेळ, संकेतांक आणि आकारमान या गोष्टी सर्व्हरने स्वतः अनुभवलेल्या आहेत. ती प्रत्यक्ष साक्ष होय. उलट, कोणत्या पानावरून आलो आणि कोणता ब्राउझर वापरतो, या गोष्टी पाहुण्याने सांगितलेल्या आहेत. त्या खऱ्या असतील, खोट्याही असतील; सर्व्हर त्या फक्त उतरून घेतो. यांच्या जोडीला तिसराही एक प्रकार आहे. पाहुणा आणि सर्व्हर यांच्यामध्ये प्रॉक्सी नावाचा मध्यस्थ असल्यास सर्व्हरला दिसतो तो मध्यस्थाचा पत्ता. मूळ पाहुण्याचा पत्ता मध्यस्थ एका वेगळ्या ओळीत कळवितो. ही ऐकीव साक्ष आहे. शिवाय मध्यस्थ नसतानाही पाहुण्यास स्वतःच ती ओळ लिहून पाठविता येते. अनेक नवशिके प्रोग्रॅमर या ऐकीव पत्त्यालाच प्रत्यक्ष पत्ता मानून फाइलमध्ये एकाच रकान्यात लिहितात आणि पुढे वाचणाऱ्याला दोहोंतील भेद कळण्याचा मार्ग राहत नाही. दोष खोटे सांगणाऱ्याचा आहेच. परंतु ऐकलेले पाहिले म्हणून लिहिणाऱ्याचा दोष संशोधनाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.

ब्राउझरच्या आत्मपरिचयाचे उदाहरण तर विशेष उद्बोधक आहे. आज प्रचलित असलेला जवळजवळ प्रत्येक ब्राउझर आपला परिचय ‘मोझिला’ या नावाने सुरू करतो. १९९० नंतरच्या दशकात काही सर्व्हर या नावाच्या ब्राउझरलाच पूर्ण सजविलेली पाने देत. म्हणून इतरांनीही तेच नाव धारण केले. जो नावाचा अर्थ लावू पाहील तो फसेल. त्या नावाचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यालाच तो रकाना वाचता येईल.

४

लीळाचरित्राच्या हस्तलिखितांत एकाच प्रसंगाचे भिन्न वृत्तांत ‘वासना’ आणि ‘शोध’ अशा संज्ञांनी नोंदलेले आढळतात. ‘वासना’ म्हणजे येथे इच्छा नव्हे. एखाद्याच्या स्मरणात प्रसंगाचे जे रूप राहिले ते. मूळ ग्रंथाची प्रत यादवसत्तेच्या पडत्या काळातील परचक्रात नाहीशी झाली आणि ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या आठवणींवरून तो पुन्हा सिद्ध करण्यात आला, असे परंपरा सांगते. हिराइसेचा पाठ या संदर्भात प्रसिद्ध आहे. पुनर्रचना करणाऱ्यांनी अनेक ठिकाणी एकच पाठ खरा मानून इतर पाठ पुसून टाकले नाहीत, तर भेद तसाच ठेवला. हरि नारायण नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते या संपादकांचे कार्य शक्य झाले ते काही अंशी जुन्या लेखकांच्या या प्रामाणिकपणामुळे. कोलते यांची एकत्रित आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. मराठी गद्याची ही थोर परंपरा आपल्या परिसरातील असून कोलते यांचा जन्मही बुलढाणा जिल्ह्यातलाच, ही गोष्ट वऱ्हाडी अभ्यासकास लक्षात ठेवण्यासारखी आहे.

न्यायबुद्धीने पाहता हा प्रामाणिकपणा लॉगच्या जुन्या पद्धतीतही काही प्रमाणात आहे. वर दिलेल्या ओळीत पत्त्यानंतर दोन आडव्या रेघा आहेत. त्या शोभेसाठी नाहीत. ‘ही माहिती मिळाली नाही’ असा त्यांचा अर्थ आहे. रकाना गाळला नाही, अंदाजाने भरलाही नाही; न कळलेले न कळलेले म्हणून नोंदले. हाताने केलेल्या अनेक छोट्या प्रोग्रॅमांत ही शिस्त आढळत नाही. माहिती नसली की रकानाच गळतो, पुढचे रकाने एकेक घर मागे सरकतात आणि काही महिन्यांनी वेळेच्या जागी ब्राउझरचे नाव वाचावयास मिळते. पोथीतील ओळ गळाल्यामुळे अर्थ बिघडावा, तसाच हा प्रकार आहे.

लेखनदोष पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकतो, याचेही एक उदाहरण येथे सापडते. पाहुणा कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या रकान्याचे इंग्रजी नाव लिहिताना मूळ आराखड्यात एक ‘र’ गळला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या विवरणपत्रात तो तसाच राहिला आणि नंतर सर्व सर्व्हर व ब्राउझर त्याच चुकीच्या रूपाला बांधले गेले. आज कोणी शुद्धलेखन सुधारून नवा प्रोग्रॅम लिहिला, तर त्यास तो रकाना रिकामा मिळेल. जुन्या पोथीतील अपपाठ दुरुस्त करण्याच्या उत्साहात संपादक मूळच हरवून बसतो, तसे हे आहे. पाठ प्रथम जसा आहे तसा वाचावा आणि सुधारणा टीपेत द्यावी, हा पाठचिकित्सेचा नियम येथेही लागू पडतो.

५

हस्तलिखितांच्या अभ्यासकास सर्वांत अधिक सावध ठेवणारा शब्द ‘प्रक्षेप’ हा होय. मूळ ग्रंथात नसलेला मजकूर नंतर कोणी घातला, तर तो प्रक्षेप. लॉगमध्ये प्रक्षेपाची सोय कशी होते, हे पाहिले म्हणजे ‘यंत्राने लिहिले’ या युक्तिवादाचा उरलासुरला आधारही सुटतो.

साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक नोंद संपून दुसरी सुरू होते ती केवळ नव्या ओळीच्या चिन्हाने. पाहुण्याने अर्जात किंवा पत्त्यात जो मजकूर भरला, तो जर प्रोग्रॅमने न तपासता फाइलमध्ये लिहिला आणि त्या मजकुरात हे चिन्ह दडविलेले असले, तर त्यापुढील मजकूर नव्या नोंदीसारखा दिसू लागतो. ज्या भेटी घडल्याच नाहीत त्यांच्या नोंदी अशा रीतीने फाइलमध्ये शिरतात, आणि अक्षर, शाई, कागद असे काहीच नसल्यामुळे त्या ओळखण्याचे बाह्य साधन उरत नाही. नामांकित सर्व्हर अशी चिन्हे निर्धोक रूपात बदलून मगच लिहितात. हाताने लिहिलेले चार-सहा ओळींचे प्रोग्रॅम मात्र हे हमखास विसरतात.

याच्या जोडीला दोन लेखकांच्या एकाच पानावर एकाच वेळी लिहिण्याचा प्रश्न आहे. दोन पाहुणे एकाच क्षणी आले आणि प्रोग्रॅमने फाइलला कुलूप न लावता लिहावयास सुरुवात केली, तर एका नोंदीचा पूर्वार्ध व दुसरीचा उत्तरार्ध एकत्र होण्याचा संभव असतो. फाइल संपूर्ण वाचून पुन्हा लिहिण्याची पद्धत असल्यास पूर्वीच्या काही नोंदीच नष्ट होतात. गर्दी जितकी अधिक तितकी नोंद अशुद्ध, असा विपरीत न्याय येथे घडतो. ज्या दिवशी संस्थेला आकड्याची सर्वांत अधिक गरज असते, त्या दिवशीचाच आकडा सर्वांत कमी भरवशाचा ठरतो.

६

आता अहवालातील त्या वाक्याकडे वळता येईल. ‘एवढ्या वाचकांनी लाभ घेतला’ यात तीन दावे गुंफलेले आहेत : नोंदी म्हणजे भेटी, भेटी म्हणजे माणसे, आणि माणसे म्हणजे वाचक. तिन्ही पायऱ्यांवर पाय घसरतो.

पोथीच्या एका पानाबरोबर तीस छायाचित्रे असतील, तर एका भेटीने फाइलमध्ये एकतीस ओळी भरतात. म्हणून ओळी मोजणे म्हणजे भेटी मोजणे नव्हे. येणाऱ्यांत शोधयंत्रांचे स्वयंचलित प्रोग्रॅमही असतात. ते अहोरात्र पाने उचलून नेतात आणि त्यांतील पुष्कळ आपली ओळख सांगत नाहीत. म्हणून भेटी मोजणे म्हणजे माणसे मोजणे नव्हे. भारतातील भ्रमणध्वनी कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात. तेव्हा एक पत्ता म्हणजे एक माणूस असेही म्हणता येत नाही. उलट एकच विद्यार्थी सकाळी महाविद्यालयातून, दुपारी भ्रमणध्वनीवरून व रात्री घरून पोथी पाहील, तर तो तीन पत्त्यांनी नोंदला जातो. जो ब्राउझर पूर्वी घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवून तीच दाखवितो, त्याच्या भेटीची नोंदच होत नाही. आकडा फुगविणारी आणि आकडा घटविणारी अशी दोन्ही कारणे एकाच वेळी कार्य करीत असल्यामुळे चूक कोणत्या दिशेला आहे, हेही निश्चित सांगता येत नाही.

शेवटची पायरी वाचनाची. पान उघडले म्हणजे वाचले, असे कोणताही ग्रंथपाल म्हणणार नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वऱ्हाडातील कुळांच्या पिढ्या नोंदलेल्या सापडतात. तेथे आलेला यजमान स्वतः आपल्या वडील-आजोबांची नावे सांगतो आणि बहुधा स्वहस्ते सही करतो. त्या नोंदीवरून तो आला होता एवढे निश्चित सिद्ध होते; त्याची श्रद्धा किती होती हे सिद्ध होत नाही, आणि त्या वहीचा तसा दावाही नसतो. लॉगचा वाचक मात्र फाइलने न केलेला दावा तिच्या नावावर खपवितो. दोष फाइलकडे जात नाही. तो टीकाकाराकडे जातो.

याचा अर्थ लॉग निरुपयोगी आहे असा नव्हे. कोणते पान वारंवार मागितले जाते व सापडत नाही, कोणत्या वेळी सर्व्हर कोलमडला, कोणी प्रवेशनामाच्या खोट्या जोड्या लावून पाहिल्या, या प्रश्नांची उत्तरे त्यातून चांगली मिळतात. कारण ते प्रश्न प्रत्यक्ष साक्षीच्या रकान्यांवर उभे असतात. ४०४ च्या नोंदी तर संग्राहकाने आवर्जून वाचाव्यात. वाचकाला काय हवे होते व संस्थेजवळ काय नव्हते, याची ती यादीच असते.

७

शेवटचा प्रश्न नोंदीच्या राखणीचा. महानुभावांनी आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. या लिपीचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांना देते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृती अभ्यासकांच्या प्रयत्नांनी ती बाहेर उलगडेपर्यंत हे वाङ्मय महाराष्ट्राला जवळजवळ अज्ञात राहिले. या गुप्ततेमुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची हानी झाली, असे म्हटले जाते व ते खरे आहे. तथापि दुसरी बाजूही पाहावयास हवी. त्या ग्रंथांत पंथीयांच्या भेटी, त्यांचे दोष, त्यांची दुःखे आणि त्यांचे खाजगी संवाद होते. बाहेरच्या निंदकाच्या हाती ते पडू नयेत, ही काळजी अनाठायी म्हणता येणार नाही.

लॉगच्या बाबतीत सामान्यतः नेमकी उलटी स्थिती आढळते. ज्या फोल्डरमधून संकेतस्थळाची पाने जगाला दिली जातात, त्याच फोल्डरमध्ये नवशिका प्रोग्रॅमर नोंदीची फाइल ठेवतो. परिणामी फाइलचे नाव ज्याला सुचले, त्याला सर्व पाहुण्यांचे पत्ते, वेळा आणि त्यांनी पाहिलेली पाने वाचता येतात. पाहुण्यांनी जे ग्रंथपालाला विश्वासाने दाखविले, ते चव्हाट्यावर टांगल्यासारखे हे होते.

आय. पी. पत्ता ही व्यक्तिगत माहिती आहे काय, हा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे जर्मनीतील सरकारी संकेतस्थळांनी ठेवलेल्या नोंदींच्याच संदर्भात आला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी ब्रायर खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, संकेतस्थळ चालविणाऱ्यास पाहुण्याची ओळख पटविण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध असेल, तर बदलता आय. पी. पत्ता हीसुद्धा व्यक्तिगत माहिती ठरते. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले आणि २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत झाला. दुसऱ्या बाजूस संगणकीय सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक केले. एक तत्त्व सांगते, आवश्यक तेवढेच ठेवा. दुसरे सांगते, गुन्ह्याचा माग काढता येईल इतके ठेवा. दोहोंत विरोध दिसला तरी तो अपरिहार्य नाही. मर्यादित काळ, मर्यादित हातांत आणि जाहीर केलेल्या हेतूने ठेवलेली नोंद दोन्ही तत्त्वांस मान्य होऊ शकते. कोणताही हेतू न ठरविता ‘पुढे कधी उपयोगी पडेल’ म्हणून वर्षानुवर्षे साठविलेली फाइल मात्र दोन्हींच्या कसोटीला उतरत नाही.

८

तुलनेची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. लीळाचरित्र स्मरणातून आणि भक्तीतून निर्माण झाले. लॉगमागे स्मरणही नाही व भक्तीही नाही. म्हणूनच मूळ प्रत हरवल्यावर लीळाचरित्र पुन्हा उभे राहिले, आणि लॉगची फाइल एकदा पुसली गेली की ती कोणाच्याही आठवणीतून परत येत नाही. कारण ती भेट कोणी आठवणीत ठेवलेलीच नव्हती. संशोधकाने या फाइलकडून मानवी चरित्राची अपेक्षा करणे हाच मुळी चुकीचा प्रारंभ होय.

परंतु नोंद वाचण्याची शिस्त दोहोंना समान आहे. ज्या संस्था आपले हस्तलिखित धन संकेतस्थळावर ठेवीत आहेत किंवा ठेवू पाहत आहेत, त्यांनी या शिस्तीतून निघणारे तीन नियम पाळले तरी पुष्कळ साधेल. पहिला, प्रत्येक रकान्यासंबंधी तो पाहिलेला, सांगितलेला की ऐकीव, हे फाइलच्या वर्णनात लिहून ठेवावे आणि अज्ञात माहितीच्या जागी रेघ असावी, अंदाज नसावा. दुसरा, अहवालात ‘वाचक’ हा शब्द न वापरता ‘पानांच्या मागण्या’ असा शब्द वापरावा व त्या कशा मोजल्या, स्वयंचलित प्रोग्रॅम वगळले की नाही, हे आकड्याशेजारीच सांगावे. तिसरा, कायद्याने ठरविलेली मुदत संपताच पत्त्याचा अखेरचा भाग पुसावा किंवा केवळ बेरजा ठेवून मूळ फाइल नष्ट करावी, आणि अशी नोंद होते हे पाहुण्याला पहिल्याच पानावर मराठीत कळवावे.

या नियमांमुळे आकडे लहान होतील, हे उघड आहे. काही अहवालांची शोभाही कमी होईल. परंतु म्हाइंभटांनी एकेका लीळेसाठी साक्षीदाराकडे पायपीट केली ती ग्रंथ मोठा व्हावा म्हणून नव्हे. जे घडले तेवढेच आणि ज्याने पाहिले त्याच्याकडूनच यावे, हा त्यांचा आग्रह होता. रिद्धपूरला साडेसातशे वर्षांपूर्वी जी कसोटी भेटीच्या नोंदीला लावली गेली, ती आज त्याच जिल्ह्यातील सर्व्हरवरच्या फाइलला लावू नये, असे म्हणण्यास कोणतेही शास्त्रीय कारण दिसत नाही.